तुतीखालचं अंगण

१

सकाळी नऊला भाचीने मॉडेलच्या खोलीचं दार उघडलं आणि उंबऱ्यातच ओरडली, "आई गं!"

तिच्या मागे आत्या होती. बासष्ट वर्षांची, पायात कापडी बूट, खांद्याला शबनम. तिने भाचीला हलकेच बाजूला केलं आणि आत डोकावली.

खोलीभर पसरलेल्या टेबलावर एका बाजारसंकुलाचं लाकडी मॉडेल होतं. छत उलट्या पानासारखं, म्हणजे पावसाचं पाणी मधल्या शिरेतून वाहत टाकीत जावं. भिंतींना वारुळासारखी बारीक भोकं, म्हणजे गरम हवा आपली आपण वर निघून जावी, यंत्रंबिंत्रं लावायला नकोत. कडेने दुकानं. आणि मधोमध, जिथे पायऱ्या उतरत जाणारं गोल अंगण असायला हवं होतं, तिथे चांगलं परातीएवढं भोक.

"काल संध्याकाळी सातला मी कुलूप लावलं तेव्हा होतं गं अंगण!" भाची म्हणाली. "चार वाजता वस्तीची समिती येतेय. मॉडेल बघून आज शेवटचं ठरवणार. अंगणच नसेल तर ते बघणार काय, माझं कपाळ?"

हे अंगण तिच्या बाबांचं होतं. म्हणजे आत्याच्या दादाचं. चार महिन्यांपूर्वी दादा गेला आणि ऑफिस भाचीच्या गळ्यात पडलं. दादा म्हणायचा, "खरेदी हे निमित्त गं. माणसं बाजारात जातात ती माणसांना भेटायला. मला भेटायची जागा बांधायची आहे. दुकानं काय, असतील कडेने." जुन्या बाजाराच्या मोकळ्या जागेत एक म्हातारं तुतीचं झाड होतं, ते तसंच ठेवायचं, त्याच्याभोवती पायऱ्या, बाकं, आणि काहीही विकत न घेता दिवसभर बसायची मुभा. एवढंच त्याचं स्वप्न होतं.

त्या झाडाखाली आत्याचं आणि दादाचं बालपण गेलं होतं. आईचा बटणं-दोऱ्यांचा गाळा होता तिथे. पिकलेल्या तुती टपाटप पांढऱ्या रिळांवर पडायच्या, जांभळे डाग पडायचे, आणि आई झाडालाच शिव्या घालायची. आजही पांढरं रीळ दिसलं की आत्या त्यावर डाग शोधते.

मॉडेल बघायला ती आज पहिल्यांदाच आली होती. आयुष्यभर दादा प्रत्येक कामात तिला विचारायचा, कारण ती मोजणी कचेरीतली मोजणीदार. "बहिणीचं माप म्हणजे दगडावरची रेघ," असं चारचौघांत सांगायचा. पण या शेवटच्या कामात, शेवटच्या अख्ख्या वर्षात, त्याने तिला एक शब्द विचारला नव्हता. फोन यायचा तो तब्येतीचा, हवापाण्याचा. कामाचा विषय निघाला की टाळायचा. का, ते विचारायचं राहून गेलं, आणि आता विचारणार कुणाला?

"आत्या, पोलिसांना बोलवू?"

"लाकडाच्या अंगणासाठी? हसतील ते." आत्याने शबनममधून चष्मा काढला. "रडणं नंतर. आधी मला सांग, या खोलीच्या किल्ल्या कुणाकुणाकडे आहेत?"

२

किल्ल्या चार. एक भाचीकडे. एक भागीदाराकडे, दादाबरोबर वीस वर्षं काम केलेला, पण या कामात त्याला अंगण नको, झाकलेला थंडगार हॉल हवा होता. एक वारेवालीकडे. ही तरुण इंजिनियर, मॉडेलमध्ये धूर सोडून हवा कशी फिरते ते बघायची, म्हणून हे नाव. आणि चौथी सुतारकाकांकडे. दादाची सगळी मॉडेलं तीस वर्षं यांच्याच हातची.

भाचीने जिन्यावरच्या कॅमेऱ्यातलं चित्रण बघितलं. सकाळी सातला सुतारकाका आले, साडेसातला भागीदार, साडेआठला वारेवाली. बाहेर कुणीच गेलं नव्हतं. आणि अंगणाची तबकडी म्हणजे काय खिशात मावणारी वस्तू? साठ सेंटिमीटर व्यास!

"म्हणजे ती इथेच आहे," आत्या म्हणाली.

दुपारपर्यंत दोघींनी कपाटं उघडली, नकाशांचे खण ओढले, पडद्यांमागे बघितलं, न्हाणीघरसुद्धा सोडलं नाही. तबकडी नाही म्हणजे नाही.

मग आत्या परत मॉडेलपाशी आली आणि भोकावर वाकली. तिच्या नजरेतच मापाची पट्टी होती, चाळीस वर्षांच्या नोकरीने. तिला तीन गोष्टी दिसल्या.

पहिली, तबकडी धरून ठेवणारे चार स्क्रू. ते एका बशीत नीट ठेवलेले होते, सगळ्यांची टोकं एका दिशेला.

दुसरी, भोकातून दिसणाऱ्या तळफळीवर पेन्सिलीने काढलेली दोन वर्तुळं. एक जुनं, पुसट, तबकडी जिथे बसायची तिथलं. दुसरं ताजं, ठसठशीत, तेवढंच मोठं पण खिडकीच्या बाजूला जरा सरकलेलं.

तिसरी गोष्ट म्हणजे एक बोटाच्या पेराएवढी लाकडी बाई. मॉडेलमध्ये माप कळावं म्हणून अशी माणसं ठेवतात. ही बसलेली होती, मांडीवर कसलंसं वेटोळं घेऊन. अंगण गेलं तरी ही मात्र मागे राहिली होती.

"चोर विसरला वाटतं हिला," भाची म्हणाली.

आत्याने बाईला बोटाने हलवून बघितलं. हलेना. तळफळीत नवं बारीक भोक पाडून ती टाचणीने घट्ट रोवलेली होती, नव्या वर्तुळाच्या अगदी आत.

"विसरलेली वस्तू कुणी रोवून ठेवतं का गं?" आत्या म्हणाली. "चल, सगळ्यांना चहाला बोलाव."

३

चहाचं गोल टेबल स्वयंपाकाच्या ओट्यापाशी होतं, वर फुलाफुलांचं कापड. आत्या बसली. खुर्ची बसकी होती की टेबल उंच, देव जाणे, कोपर टेकवायला तिला खांदा उचलावा लागला. पण तेवढ्यात भागीदार समोर येऊन बसला आणि तिचं लक्ष तिकडे गेलं.

"आत्याबाई, सरळच सांगतो," तो म्हणाला. "मला अंगण नको होतं. ऊन, धूळ, वर पाखरांची घाण. लोकांना सावलीत, थंडाव्यात फिरायचं असतं. पण हे मी सरांच्या तोंडावर बोललोय, चोरून नाही. आणि चोरू कशाला? चार वाजता ते आपोआपच निकालात निघणार होतं."

"ते कसं?"

त्याने मान खाली घातली. वाईट बोलायचं जिवावर आलं होतं त्याच्या. "सरांचा हात शेवटी शेवटी चुकायला लागला होता. छताला मोठा उघडा झरोका आहे ना, ऊन आत यायला, गरम हवा बाहेर जायला, तो अंगणाच्या बरोबर वर हवा. अंगण आम्ही नकाशावरून बसवलं. झरोका तेवढा सरांनी आजारपणात स्वतः काढून दिला, आणि तो एका बाजूला गेलाय. डोळ्याला दिसतं. आम्ही कुणी बोललो नाही. आजारी माणसाला काय बोलायचं?"

दादाचा हात चुकेल? लहानपणी जमिनीवर खडूने वर्तुळ काढायचा तर लोक बांगडी टेकवून बघायचे, इतकं गोल. आत्याला भागीदाराचा राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली. खरंच चुकला असेल तर? शेवटच्या वर्षात तिला विचारलं नाही ते म्हणूनच का? बहिणीला आपला चुकणारा हात दिसू नये म्हणून?

मग वारेवाली आली, आणि बसल्याबसल्या मुसमुसायला लागली.

"मी नाही हो केलं, आत्या! पण सगळे माझ्यावरच येणार. परवा मी सगळ्यांसमोर ओरडले होते, हे अंगण उचलून फेकून द्यावंसं वाटतं म्हणून."

"का गं पोरी?"

"धूर वर जाईना. अंगणात धूर सोडला की तो सरळ झरोक्यातून निघून जायला हवा. हा मेला छताला थडकायचा आणि परत खाली. आठ दिवस डोकं फोडलं. शेवटी मोजलं, तर झरोका आणि अंगण एकमेकांच्या वर नाहीतच. चार सेंटिमीटरचा फरक."

"कुठल्या बाजूला?"

"खिडकीच्या."

आत्याने कप खाली ठेवला. उठली, तडक मॉडेलपाशी गेली आणि शबनममधली पट्टी दोन वर्तुळांवर धरली. जुन्या वर्तुळापासून नवं वर्तुळ चार सेंटिमीटर. खिडकीच्याच बाजूला.

म्हणजे तबकडी काढणाऱ्याने नवं वर्तुळ आखलं ते थेट दादाच्या झरोक्याखाली.

४

सुतारकाका आले ते उभेच राहिले. "ताई, बसत नाही. मला काही विचारू नका."

"विचारत नाही," आत्या म्हणाली. "मीच सांगते, तुम्ही फक्त ऐका. चहा तरी घ्या."

ते अवघडून बसले. पांढरे केस, कानाला पेन्सिल, खिशात लाकडी घडीची पट्टी. आत्याने सगळ्यांना बोलावून घेतलं. भाची, भागीदार, वारेवाली, सगळे टेबलाभोवती उभे राहिले.

"ज्याला अंगण नको असतं," आत्याने सुरुवात केली, "तो ते उपटून काढतो. स्क्रू बशीत एका रांगेत लावून ठेवत नाही. स्क्रू असे जपतो तो परत लावणारा माणूस. म्हणजे ज्याने अंगण काढलं त्याला ते घालवायचं नव्हतं. त्याला ते सरकवायचं होतं. नवी जागा आखली, आणि खूण म्हणून त्या बाईला तिथे रोवलं. हे काम भागीदारांचं नाही, त्यांना कुठलंच अंगण नको."

"आणि माझं?" वारेवालीने नाक पुसत विचारलं.

"तुझं असतं तर तू सगळ्यांना ओरडून सांगितलं असतंस, सापडलं म्हणून. तुला लपवायला कारण काय? लपवणारा वेगळा. काका, तुमची पट्टी बघू?"

सुतारकाकांनी पट्टी पुढे केली. नाही म्हणता आलं नाही त्यांना. पट्टीच्या घड्यांवर जांभळे डाग होते.

"तुतीचे डाग," आत्या म्हणाली. "आमची आई म्हणायची, हा डाग जन्मात जात नाही. जुन्या बाजाराच्या जागेला वर्षभर पत्रे ठोकलेत. या दिवसांत तिथे जमिनीवर तुतींचा सडा असणार. तुम्ही आत जाऊन झाडाचं माप घेतलंत. बरोबर?"

काकांनी नुसती मान हलवली.

"पण तबकडी कुठाय?" भागीदार वैतागला. "आम्ही सगळीकडे शोधली."

आत्याने टेबलावर कोपर टेकवला. "मघापासून माझा खांदा दुखतोय. चहाचं टेबल नेहमी कोपराखाली असतं, हे बगलेत येतंय. ऑफिसातलं टेबल रातोरात चार बोटं वाढतं का हो?"

तिने कप बाजूला केले आणि फुलाफुलांचं कापड ओढलं. खाली टेबलावर पालथी पडलेली तबकडी होती. पायऱ्या मध्ये खोल उतरणाऱ्या, त्यामुळे उलटी केली की ती कडांवर ताटासारखी सपाट बसत होती. सकाळपासून सगळ्यांनी अंगणावरच चहा ढोसला होता. आणि लाकडी झाड? ते काकांच्या कामाच्या टेबलावर ब्रशांच्या डब्यात ब्रश होऊन उभं होतं.

वारेवाली रडता रडता हसली. भाचीने तबकडी उचलून उराशी धरली.

"सात वाजता आले," काका हळू आवाजात बोलले. "नऊच्या आत सरकवून परत लावायची होती. साडेसातला हे आले आणि मी घाबरलो. हाताला आलं ते केलं."

"अहो पण लपवायचं कशाला?" भाची कळवळली. "मला सांगायचं ना, अंगण चुकलंय म्हणून!"

काकांनी आत्याकडे बघितलं, आणि लगेच नजर फिरवली. "कशामुळे चुकलं, हे विचारलं असतंस ना पोरी. आणि ते सांगायचं नाही, असा सरांना शब्द दिलाय मी."

आत्या आकडा मनात मांडत होती. मॉडेल एकास शंभर. चार सेंटिमीटर म्हणजे खऱ्या जागेवर चार मीटर. झाड नकाशावर जिथे आहे, तिथे ते नाही. मग नकाशावर झाड बसवलं कुणी?

५

"झाडाचं माप कुठून घेतलंत?" तिने भागीदाराला विचारलं.

"जुन्या नकाशावरून. हद्दी आम्ही यंत्राने नव्याने मोजल्या, बोटभरही फरक नाही. पण झाडाभोवती गेल्या आठवड्यापर्यंत जुन्या गाळ्यांची पडझड होती, यंत्राला दिसत नव्हतं. म्हटलं, झाड काय चालत जातंय? शिवाय मोजणी तुमची होती, आत्याबाई. तुमचं माप तपासायचं म्हणजे..." तो बोलता बोलता थांबला.

भाची आत गेली आणि बाबांच्या कपाटातून एक जाड, कडा कुरतडलेली वही घेऊन आली. "हे तुझंच आहे ना? गेल्या वर्षी बाबांनी मोजणी कचेरीतून मागून आणली होती. का, ते सांगितलं नाही."

गेल्या वर्षी. आत्याने वही हातात घेतली.

ती तिची पहिली मोजणी वही होती, चाळीस वर्षांपूर्वीची. मोजणी वही खालून वर लिहितात, कारण मोजणीदार मापाची साखळी धरून पुढे पुढे चालत जातो. पानाच्या मधोमध साखळीची रेघ. चालताना डाव्या हाताला जे लागेल ते रेघेच्या डावीकडे लिहायचं, उजव्या हाताला लागेल ते उजवीकडे. आणि या वहीत खोडरबर चालत नाही. चुकलं तर एकच आडवी रेघ मारायची, शेजारी बरोबर लिहायचं, खाली कारण आणि सही. हे नियम तिने पन्नास जणांना शिकवले होते.

तिने जुन्या बाजाराचं पान काढलं. फाटकाच्या दगडापासून सुरुवात. डावीकडे विहीर. डावीकडे आईचा गाळा, दोन मीटर. आणि गाळ्याच्या नावासमोर, रेघेच्या पलीकडे, उजवीकडे दोन मीटर: तुतीचं झाड.

आत्याने त्या ओळीवर बोट ठेवलं.

"आईचा गाळा डावीकडे," ती पुटपुटली. "झाड उजवीकडे. मग आईच्या रिळांवर तुती पडायच्या कशा?"

चाळीस वर्षं तो डाग तिच्या मनात होता आणि चाळीस वर्षं हे पान कचेरीत होतं. दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून तिने कधी बघितलंच नव्हतं. दादाने बघितलं. झाड डावीकडे दोन मीटर होतं, तिने लिहिलं उजवीकडे दोन मीटर. मिळून चार.

आणि मग तिला तो दिवस आठवला. पहिली नोकरी, पहिलं काम, आणि तेही स्वतःच्या आईच्या बाजाराचं! ती साखळी धरून झाडापर्यंत पोचली होती. मागून फाटकातून हाक आली, "ए साखळे!" तसं फक्त दादाच चिडवायचा. तो शिकायला दूर निघाला होता, हातात बॅग, दुपारची गाडी. ती वळली. पाठ पुढच्या दगडाकडे, तोंड फाटकाकडे. झाड आता तिच्या उजव्या हाताला आलं होतं.

"जातो गं," दादा म्हणाला होता.

"थांब रे, एवढं एक माप लिहिते," ती म्हणाली होती, आणि तशीच उलट्या तोंडाने लिहिलं. लिहून मान वर केली तोवर दादा फाटकाबाहेर गेला होता. गाडीची वेळ झाली होती त्याची. नंतर पत्रं आली, भेटी झाल्या, तो परत येऊन इथेच ऑफिस थाटून बसला. पण निघताना त्याचा चेहरा बघायचा राहिला तो राहिलाच. किती रात्री तिने त्या मापाला बोल लावला होता! आणि ते मापसुद्धा चुकलेलं निघालं.

"सर म्हणाले," सुतारकाकांनी आता सांगून टाकलं, "अंगण चार सेंटिमीटर सरकव. कारण कुणाला बोलू नको, माझ्या बहिणीला तर नाहीच. तिच्याकडे तिच्या मापाशिवाय दुसरं काय आहे, म्हणाले. ताई, मला वाटलं आजारपणात काहीतरी बोलतायत. म्हणून मी नकाशाप्रमाणेच केलं. गेल्या आठवड्यात पडझड उचलली, मी मॉडेलच्या झाडासाठी डहाळी आणायला गेलो, सहज पट्टी लावली, तर झाड नकाशापेक्षा चार मीटर सरकलेलं. सर बरोबर होते. तसंच बांधलं असतं तर खांबाचा पाया सरळ झाडाच्या मुळात गेला असता."

आत्याने डोळे पुसले. दादाने तिला विचारलं नाही कारण विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं. एवढंच होतं ते. आणि ती वर्षभर त्याच्यावर रुसून बसली होती.

"काका," तिने विचारलं, "ती बाई. तिच्या मांडीवर वेटोळं कसलं आहे?"

"साखळी आहे, ताई. सरांनीच सांगून करून घेतली. म्हणाले, ही झाडाखाली बसेल. घाई नसलेली."

घड्याळात सव्वातीन झाले होते.

"आपण आता काय सांगायचं समितीला?" भाचीने हळूच विचारलं. "मॉडेल दुरुस्त करताना चूक झाली असं म्हणू. तुझं नाव कशाला घ्यायचं?"

"आणि झरोका?" आत्या म्हणाली. "तो बघून लोक म्हणणार, शेवटी त्याचा हात चुकत होता. असंच म्हणतायत ना सगळे?"



६

चार वाजता समितीचे सात जण आले. आत्याने त्यांना बसूच दिलं नाही. "आधी जागेवर चला," ती म्हणाली, आणि कचेरीतून निवृत्त होताना भेट मिळालेली जुनी साखळी शबनममधून बाहेर काढली.

पत्र्याचं फाटक उघडलं. आत ऊन, माती, आणि मधोमध एकटं तुतीचं झाड. खाली जांभळा सडा पडला होता. आत्याने फाटकाच्या दगडापाशी साखळीचं एक टोक सुतारकाकांच्या हातात दिलं आणि पुढे चालत गेली. कुणी हाक मारली तरी वळायचं नाही असं तिने ठरवलं होतं, पण हाक मारणारं कोण उरलं होतं? झाडापाशी थांबून तिने आडवं माप घेतलं.

"दोन मीटर," ती मोठ्याने म्हणाली. "डावीकडे. माझ्या वहीत उजवीकडे लिहिलंय. चूक माझी आहे, चाळीस वर्षांपूर्वीची. माझ्या भावाने ती शोधली आणि मला कमीपणा येऊ नये म्हणून गिळली. छताचा झरोका त्याने या खऱ्या झाडावर काढलाय. त्याचा हात शेवटपर्यंत चुकला नव्हता. हे सगळ्यांनी नीट ऐकून घ्या."

समितीतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी वाकून एक तुती उचलली, साडीला पुसली आणि तोंडात टाकली. "दोऱ्याच्या गाळ्याची तू मुलगी का गं?" त्यांनी विचारलं. "तुझ्या आईकडून मी डागाळलेली रिळं अर्ध्या भावात न्यायची."

ऑफिसात परत आल्याआल्या काकांनी अंगण नव्या जागी बसवलं. वारेवालीने धूर सोडला. धूर पायऱ्यांवरून रेंगाळला, झाडापाशी गोळा झाला आणि सरळ रेघेत झरोक्यातून वर निघून गेला. वारेवालीने टाळ्या वाजवल्या. भागीदाराने आपल्या हॉलचे कागद गुंडाळले. "सरांच्या हाताबद्दल बोललो ते मी मागे घेतो," तो म्हणाला. "हॉलबद्दलचं मत मात्र माझं तेच आहे हं." समितीने अंगणाच्या बाजूने हात वर केले, सातपैकी सहा. सातव्या गृहस्थांना पाखरांची घाण नको होती.

सगळे गेल्यावर आत्याने मोजणी वही पुढ्यात घेतली. त्या पानावर दादाने पेन्सिलसुद्धा टेकवली नव्हती. दुसऱ्याच्या वहीत हात घालायचा नसतो, हे तिनेच त्याला शिकवलं होतं.

तिने उजवीकडच्या मापावर एकच आडवी रेघ मारली. डावीकडे लिहिलं: तुतीचं झाड, दोन मीटर. खाली सही केली, आजची तारीख घातली. मग कारणाच्या जागी पेन थबकलं. भाची खांद्यावरून वाकून बघत होती.

आत्याने लिहिलं: मागून दादाने हाक मारली, म्हणून वळले.

"आत्या," भाचीने डोळे पुसत विचारलं, "कचेरीत असलं कारण चालतं का गं?"

"खरं असलं की चालतं," आत्या म्हणाली, आणि शाई वाळेपर्यंत वही तशीच उघडी ठेवून बसून राहिली.